पाखरे मोजणारा माणूस : डॉ. सलीम अली



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी देतो. कबरस्तानात जातो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. ह्याच महिन्यात ५ ते १२ तारखेपर्यंत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा पहिला दिवस म्हणजे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. सलीम अलींना जाऊन आता जवळजवळ चार दशके होत आली. पाठ्यपुस्तकातल्या धड्यामुळे अनेकांना त्यांचे नाव माहीत असते. पण मुंबईच्या ह्या सुपुत्राने नेमके काय केले, कुठे त्याचे बरोबर ठरले आणि कुठे चुकले, हे फारसे कोणी सांगत नाही. आपण घाटकोपरकरांनी तर ते जाणून घ्यायलाच हवे. ज्या पाखरांचा त्यांनी कच्छच्या रणात जाऊन शोध घेतला, त्यांचे जातभाई आज आपल्या उशाशी असलेल्या खाडीत उतरतात.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तैयबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी ह्या सर्व पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

सुटीच्या दिवसांत हे कुटुंब चेंबूरला राहायला जाई. आज चेंबूर म्हटले की उड्डाणपूल, मोनोरेल आणि गाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. त्या काळी ते मुंबईबाहेरचे एक हिरवे खेडे होते. आंब्याची आणि ताडामाडांची बने होती, पलीकडे टेकड्या होत्या. तिथे पहाटे ऐकलेली दयाळ पक्ष्याची शीळ सलीम अलींना म्हातारपणीही आठवत असे. घाटकोपर म्हणजे चेंबूरचा शेजारीच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपला हा भाग कसा होता, याची थोडी कल्पना त्यावरून येते.

लहानपणी सलीम अलींना नाद होता तो शिकारीचा. मामांनी खेळण्यातली छऱ्यांची बंदूक दिली होती. तिने चिमण्या मारणे हा घरातल्या मुलांचा आवडता खेळ. एके दिवशी त्यांनी पाडलेली चिमणी जरा निराळी दिसली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामांना सांगता येईना, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे सचिव त्या वेळी मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. मामांनी भाच्याला चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवले.

मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखली. एवढ्यावरच न थांबता त्यांनी त्या दहा-बारा वर्षांच्या पोराला संस्थेच्या संग्रहातले पेंढा भरलेले शेकडो पक्षी कपाटे उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे जतन करायचे हे शिकवण्याची सोय केली. एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिले, यातून एक आयुष्य घडले. आईवडिलांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

पदवी नाही, नोकरी नाही

शाळेत सलीम अलींची प्रगती बेताचीच होती. १९१३ मध्ये ते मॅट्रिक जेमतेम पास झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले, पण गणिताशी जमेना. शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातल्या तावॉय येथे गेले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा त्यांचे मन आजूबाजूच्या रानातच अधिक रमले.

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि डावर कॉलेजात व्यापारी शिक्षण घेऊ लागले. त्या वेळी सेंट झेवियर्समध्ये फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे येशूसंघीय धर्मगुरू होते. जन्माने स्विस असलेले फादर स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या कॉलेजात आहे. ह्या तरुणाचा खरा ओढा कशाकडे आहे हे फादरांनी ओळखले आणि त्याला प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. सकाळी डावर कॉलेज आणि मग झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी कसरत करून सलीम अलींनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती आणि त्यामुळेच सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिनचे प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. ह्या गुरूला ते जन्मभर मानत राहिले. पण १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तर निधी नाही म्हणून म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली!

किहीमची सुगरण

खर्च आटोक्यात राहावा म्हणून हे जोडपे अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. हातात नोकरी नाही, पुढचे काही ठरलेले नाही. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर सलीम अली तिच्यापुढे आडोसा करून तासन् तास बसले आणि काय दिसते ते वहीत टिपत गेले.

सुगरणीचा खोपा आपल्या सर्वांना बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे माहीत आहे. पिलांसाठी झुलता बंगला बांधणारी कष्टाळू आई, असे तिचे चित्र आपल्या मनात असते. सलीम अलींना दिसले ते वेगळे होते. घरटे विणतो तो नर. काम अर्ध्यावर आले की माद्या येऊन घरट्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले, की तिचा आणि त्या नराचा संसार सुरू होतो. नर घरटे पूर्ण करतो आणि मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतात! १९३१ मध्ये हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांचे ह्या बेकार मुंबईकराकडे लक्ष गेले.

कवितेतली सुगरण खोटी ठरते असे मला म्हणायचे नाही. कविता आईच्या मायेविषयी बोलते आणि ते तिच्या जागी खरेच आहे. पण पाखराचे रक्षण करायचे असेल, तर ते खरोखर कसे जगते हे जाऊन पाहावे लागते. आपल्याला काय वाटते ते निराळे आणि समोर काय आहे ते निराळे. सलीम अलींचे सारे आयुष्य हा फरक ओळखण्यात गेले.

संस्थाने आणि रण

पुढची काही वर्षे त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. निरनिराळ्या संस्थानांना त्यांनी कळवले, की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी मेहनताना न घेता करून देतो, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतून ते बैलगाडीने, पायी, मिळेल त्या वाहनाने फिरले. तेहमिनाबाई बरोबर असत. तंबूतला संसार त्या सांभाळत आणि पतीच्या इंग्रजी लेखनावरून हातही फिरवत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेव्हणे यांच्या घरी ते राहू लागले आणि अधिकच कामाला लागले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. दुर्बीण घेऊन पक्षी पाहायला जाणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या.

१९४५ मध्ये कच्छच्या महारावांच्या साहाय्याने ते मोठ्या रणात गेले. तिथे रोहित पक्ष्यांची, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो त्यांची, वीण होते. मैलोन् मैल खारट चिखल, वर आग ओकणारे ऊन, आणि मधेच चिखलाच्या छोट्या ढिगाऱ्यांचे एक अवाढव्य शहर. प्रत्येक ढिगारा म्हणजे एक घरटे. ह्या घरट्यांवरून त्यांनी अंदाज बांधला, की तिथल्या पक्ष्यांची संख्या काही लाखांच्या घरात आहे. ही वीण पाण्यावर अवलंबून असते. पाऊस कमी झाला तर रण कोरडे राहते, फार झाला तर घरटी बुडतात. पाणी नेमके हवे तेवढे असले तरच पिले जगतात. पाखरू आणि त्याची जागा यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, हे इथे स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे पैशाची मोठी अडचण उभी राहिली, तेव्हा सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंकडे दाद मागून संस्था वाचवली. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो पूर्ण झाला तेव्हा त्यांचे वय ७७ होते. केरळमधल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात वीजप्रकल्पासाठी धरण बांधायचे घाटत होते. त्याविरुद्ध अनेकांनी लढा दिला. त्यात सलीम अलींच्या शब्दालाही वजन होते. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

भरतपूरचा धडा

आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगतो. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेवचे सरोवर आहे. ते निसर्गतः झालेले नाही. राजांनी बंधारा घालून खोलगट भागात पाणी खेळवले आणि पुढे तिथे बदकांची शिकार सुरू झाली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, योगायोगाने सलीम अलींच्या वाढदिवशीच, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथल्या दगडी फलकावर अभिमानाने कोरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर हे पाणथळ कोरडे करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी झाली. भुकेल्या देशात ती गैर होती असे कोण म्हणेल? परंतु सैबेरियातून, मध्य आशियातून हजारो मैल उडत येणाऱ्या पक्ष्यांना उतरायला अशा जागा थोड्याच उरल्या होत्या. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत ही गोष्ट नेली आणि सरोवर वाचले. १९५६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर प्रश्न आला तो म्हशींचा. आसपासच्या गावांतली गुरे पिढ्यान् पिढ्या तिथे चरत होती. गुरांमुळे पाणथळाचे नुकसान होते, असे सलीम अली आणि इतर तज्ज्ञांचे मत होते. चराई बंद करावी असा सल्ला त्यांनी दिला आणि १९८२ मध्ये सरकारने बंदी घातली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिले गेले नाही. ते जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मरण पावले.

पुढे काय झाले? म्हशी गेल्या आणि पाण्यातले गवत माजू लागले. जे गवत म्हशी खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवत होत्या, त्याने उघडे पाणी व्यापले. पाणी झाकले गेले तशी बदकांना आणि माशांना जागा उरेना. केवलादेवच्या परिसराचा दहा वर्षांचा सविस्तर अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच हाती घेतला होता, म्हणजे सलीम अलींच्या स्वतःच्या संस्थेने. त्यांच्या मृत्यूनंतर त्याचा निष्कर्ष समोर आला. म्हशींची चराई ह्या पाणथळाला उपयोगी होती, बंदीने उलट हानी झाली.

बंधुभगिनींनो, ह्या प्रसंगावर थोडे थांबून विचार करावासा वाटतो. हेतू शुद्ध होता. ज्ञान अफाट होते. आयुष्यभराचा त्याग पाठीशी होता. तरीही निर्णय चुकला, आणि त्याची किंमत ज्यांनी दिली ते गरीब गुराखी होते. माणूस निसर्ग बिघडवतो हे खरे आहे. पण काही ठिकाणी माणूस आणि त्याची जनावरे निसर्गाचा भाग झालेली असतात, हेही खरे आहे. कुठे काय खरे आहे, ते त्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. नीतिशास्त्रात आपण म्हणतो की सद्हेतू आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. भरतपूरने ते रक्ताची किंमत घेऊन शिकवले.

आणि त्याच प्रसंगात दुसरी बाजूही आहे. ज्या संस्थेच्या थोर नेत्याने सल्ला दिला होता, त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे गवत, पाणी, पाखरे मोजली आणि आकडे सल्ल्याच्या विरुद्ध गेले तेव्हा ते लपवले नाहीत. थोर माणसाचा मान राखण्यासाठी सत्य झाकले नाही. आधी पाहा, टिपा, मोजा आणि मग बोला, हीच तर सलीम अलींनी त्यांना घालून दिलेली रीत होती. त्या रीतीने त्यांचेच मत खोडले गेले. गुरूचा याहून मोठा सन्मान मला तरी सुचत नाही.

शेवटची वर्षे

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास पॉल गेटी आंतरराष्ट्रीय पारितोषिक, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती असे मान त्यांना मिळत गेले. पारितोषिकाच्या पैशातून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभा केला. मोटारसायकलीचे त्यांना भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनला भरलेल्या पक्षितज्ज्ञांच्या परिषदेसाठी ते आपली गाडी युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावरूनच परिषदेला पोहोचले, वयाच्या ५३व्या वर्षी! २० जून १९८७ रोजी, दीर्घ आजारानंतर, मुंबईतच त्यांचे निधन झाले. गोव्यात चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे, तसेच कोइमतूरच्या पक्षी संशोधन केंद्रालाही.

आपली खाडी

आता आपल्या दारातली गोष्ट. १९९०च्या दशकापासून रोहित पक्षी मोठ्या संख्येने मुंबईच्या खाडीत येऊ लागले. आता काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. त्यांना इथे खायला मिळते ते मुख्यतः चिखलातले शेवाळ, आणि हे शेवाळ वाढण्यामागे आपल्या शहराचे सांडपाणीही आहे असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या घाणीवर हे सुंदर पाहुणे जगतात! पण घाणीचे प्रमाण आणखी वाढले तर हीच खाडी त्यांना मारकही ठरू शकते. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांच्या यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी काही फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा पाखरे इथून गुजरातकडे जाताना दिसली. ज्या मुलखात सलीम अली उन्हातान्हात फिरले, तो मुलूख आणि आपली खाडी अशी एका रेषेत आली.

२० मे २०२४ची रात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विमानतळावर उतरत असलेल्या एका प्रवासी विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याला धडक बसली. विमान सुखरूप उतरले. पाखरे घाटकोपर पूर्वेला, लक्ष्मीनगर परिसरात, घरांच्या आणि रस्त्यांच्या आसपास पडली. तीसहून अधिक पाखरे मेली. ते गुलाबी पंख गोळा करताना लोक हळहळले. कोणी विमानाला दोष दिला, कोणी विजेच्या तारांना, कोणी झगमगत्या दिव्यांना, तर कोणी खाडीपलीकडच्या नवी मुंबईत पाणथळ जागांवर येणाऱ्या बांधकामांना.

हळहळ वाटणे चांगलेच. पण भरतपूर आठवून मी एवढेच म्हणेन, की हळहळीनंतर कामाला लागावे, आणि पहिले काम पाहण्याचे. आपल्या पूर्वेला महामार्गापलीकडे खारफुटी आहे. ती भरतीच्या लाटा अडवते, माशांच्या आणि कोळंबीच्या पिलांना आसरा देते. २००५च्या महापुरानंतर तिचे मोल शहराला कळले आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती तोडण्यास बंदी घातली. तरीही भराव पडत राहतो, प्लास्टिक नाल्यांतून वाहत तिथेच जाऊन अडकते. त्या नाल्यांत काय जाते हे ठरवणारे हात बहुतांशी आपल्याच घरातले आहेत. ज्यांचे पोट खाडीवर आहे त्या कोळी बांधवांना खाडीविषयी काय ठाऊक आहे, हेही आपण विचारले पाहिजे. भरतपूरच्या गुराख्यांना कोणी विचारले नव्हते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना मी एक काम सुचवतो, मोठ्यांनीही करायला हरकत नाही. येत्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे खिडकीत किंवा गच्चीवर बसा. किती कावळे, किती कबुतरे, किती चिमण्या, एखादी घार, नशीब असले तर एखादा दयाळ, जे दिसेल ते तारीख-वेळ घालून वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, आवाज लिहा. पुढच्या रविवारी मिस्सानंतर वह्या घेऊन या. पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीसाठी मिलर्डसाहेबांनी जेवढा वेळ काढला, तेवढा आपण मोठ्या माणसांनीही ह्या वह्यांसाठी काढू या.

तुमचा,
धर्मगुरू